गुलामीची गोष्ट मुलांना केव्हा सांगावी?



दीक्षा घेतलेल्या आपल्या घरांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि बहुधा आपण तो टाळतो. आपल्या वाडवडिलांनी जे सोसले ते नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सांगावे की नाही? सांगितले तर त्या कोवळ्या मनात न्यूनगंड रुजेल, नाहीतर द्वेष रुजेल, अशी भीती वाटते. न सांगावे, तर धर्मांतर कशासाठी झाले हे त्याला कसे कळणार? त्रिसरण-पंचशील पाठ होईल. पण आपण काय सोडून आलो हे ठाऊक नसेल.

मी स्वतः हा प्रश्न टाळला आहे. गेल्या २० मार्चला, महाडच्या सत्याग्रहाच्या दिवशी, पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने विचारले, “बाबा, आपण हात लावला तर पाण्याला काय होतं?” वरोरची मुलगी ती, समुद्र पाहत वाढलेली. मी म्हणालो, “मोठी झालीस की कळेल.” तिने पुन्हा विचारले नाही. तेच मला टोचत राहिले.

अशा वेळी दुसऱ्या समाजांनी काय केले ते पाहावे. त्यासाठी फार लांब जायला नको. महाड ज्या जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात येते, तिथेच अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. हे मराठी बोलणारे ज्यू. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद; म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ त्यांच्यापाशी उरला नव्हता, हिब्रू भाषा विसरली होती. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी राहिली होती. मिसर देशातील गुलामीतून पूर्वज सुटले, त्याची आठवण म्हणून जगभरचे ज्यू वल्हांडण सण पाळतात व त्या दिवसांत आंबवलेली भाकर खात नाहीत. कोकणात या सणाला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. आंबट पदार्थाचे भांडे तेवढे झाकून ठेवायचे. ते का झाकायचे, ही कथा विस्मरणात गेली होती. त्या काळी एखाद्या मुलाने आईला विचारलेच असेल, तर “आपल्यात तसे करतात” याहून अधिक ती काय सांगणार?

कथा परत आली ती शिक्षणातून. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, जुना करार मराठीत वाचायला दिला, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. ख्रिस्ती फार थोडे झाले, बाकीचे आपलाच ग्रंथ वाचायला शिकले! (आपल्याकडेही शाळेने असे अनपेक्षित उपकार केले आहेत.) १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, आणि आज त्या शाळेतील बहुतेक मुले इतर समाजांची आहेत.

पण धर्मशिक्षणाचे खरे काम शाळेपेक्षा घरातल्या जेवणावर होते. वल्हांडणाच्या रात्री वाचायचे पुस्तक, ‘हग्गादा’, १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापले गेले. त्याच्या चित्रांत बिनआंबवलेली भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. आजची रात्र निराळी का, हे विचारण्याचे काम घरातल्या धाकट्या मुलाचे. उत्तर म्हणून सगळी गुलामी सांगायची. कडू पाला खायचा, मिठाच्या पाण्यात भाजी बुडवायची, कारण ते अश्रू. आणि हे सर्व रेलून बसून, स्वतंत्र माणसासारखे. ज्यूंमध्ये मुलगा तेराव्या वर्षी व मुलगी बाराव्या वर्षी धर्माज्ञांना स्वतः जबाबदार ठरते. म्हणजे नऊ ते बारा ही तयारीची वर्षे, आणि नेमक्या त्याच वर्षांत गुलामी लपवली जात नाही. द्वेषाचाही विचार आहे. मिसरी लोकांवरील संकटांची नावे घेताना पेल्यातून थेंब थेंब द्राक्षारस बाहेर काढतात. शत्रूच्या दुःखाने आपला आनंद उणा झाला, असा त्याचा अर्थ अनेक घरांत सांगतात.

हग्गादेत चार मुलगे आहेत. शहाणा, उर्मट, साधा, आणि ज्याला विचारताच येत नाही असा. चौथ्यासाठी बापाने आपणहून सुरुवात करायची. माझी मुलगी पहिल्यांतली होती, मी तिला चौथी करून ठेवली.

सगळेच पटण्यासारखे आहे असे नाही. तिथे सुटका देव करतो; आपली मुक्ती कुणी आकाशातून दिलेली नाही, ती चवदार तळ्यावर माणसांनी पायी जाऊन घेतली. उर्मट मुलाला तिथे खडसावतात, तेही मला रुचत नाही. कालामांना परंपरेवर विसंबू नका म्हणणाऱ्या तथागताच्या घरात तो मुलगाही प्रश्नकर्ताच ठरला असता. आणि राहुलाला खोटे बोलण्याविषयी सांगताना तथागतांनी काय केले? तो लहान आहे, पुढे पाहू, असे म्हटले नाही. पाण्याचे भांडे घेतले, तळाशी उरलेले थोडे पाणी दाखवले, ते ओतून दिले, मग भांडे पालथे घातले. मुलाला समजेल एवढेच, पण खरे.

मागच्या महिन्यात मी मुलीला आजीपाशी नेऊन बसवले आणि तिचा प्रश्न मीच पुन्हा काढला. आजीने ओंजळ करून दाखवली. पाणी वरून कसे ओतत, ते सांगितले. मुलीने तांब्या आणला, स्वतःच्या ओंजळीत आजीकडून ओतवून घेतले. “अर्धं सांडतंच की,” ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, “आजी, ओतणाऱ्यांना लाज नाही वाटायची?”

मला उत्तर सुचेना. आजी म्हणाली, “एकीला वाटायची गं. ती हळू ओतायची.”