मेंदूचा आलेख आणि बुद्धीची मोजणी

मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, मज्जापेशींच्या समूहांची त्या घडीची हालचाल दाखवतो. आठवणी किंवा बुद्धी मोजत नाही. पक्षाघातातून सावरलेल्या रुग्णाची स्मरणशक्ती नुसत्या रंगीत ‘ब्रेन मॅपिंग’वरून ठरवली, की हा भेद पुसला जातो आणि त्याची झळ रुग्णाला बसते.

बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी आलेख प्रसिद्ध केला, ग्रे वॉल्टर यांनी १९३६ मध्ये मंद डेल्टा लहरींवरून मेंदूतील गाठीची जागा दाखवली. पुढे १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला आणि ईईजी मागे पडला, असे सर्रास लिहिले जाते. रक्तवाहिन्यांच्या विकारांपुरते तरी ते खरे नाही. त्याच दशकात मानेतील कॅरोटिड धमनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत ईईजीला नेमके काम मिळाले. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. पुरवठा विसाच्या आसपास घसरला की लहरी मंदावतात, दबतात. ऊती मरते ती त्याहून बरीच खाली, दहाच्या सुमारास. या दोन आकड्यांच्या मधल्या पेशी गप्प असतात, पण जिवंत असतात, आणि साध्या सीटीत त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. धमनीला चिमटा लावल्यावरचा आलेख ताडला जातो तो त्याच रुग्णाच्या आधीच्या आलेखाशी. ईईजीचे खरे बळ या तुलनेत आहे.

हाचिन्स्की यांनी १९७४ मध्ये बहु-इन्फार्क्ट स्मृतिभ्रंशाची, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेंदूत अनेक ठिकाणी ऊती मेल्याने येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची, कल्पना मांडली आणि लक्ष बुद्धीकडे वळले. अशा रुग्णांच्या गटांत अल्फा लहरी मंदावलेल्या, थीटा वाढलेल्या आणि पी३०० ही प्रतिसादलहर उशिरा येणारी आढळते. पण डुलकी, झोपेच्या गोळ्या, यकृताचा बिघाड यांनीही लहरी मंदावतात. गटाची सरासरी एका माणसाचे निदान होऊ शकत नाही. डफी यांच्या १९७९ च्या ईईजीच्या रंगीत नकाशांनी नेमका तसे निदान करण्याचा मोह वाढवला. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने १९९७ मध्ये संगणकीय ईईजीला मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांत व स्मृतिभ्रंशात पूरक स्थान दिले, न्यायालयीन वापर मात्र नाकारला. तरी २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या ‘बिऑस’ चाचणीचा आधार घेतला. लहरींवरून ‘अनुभवाची आठवण’ वाचता येते, हा त्या चाचणीचा दावा होता. त्याच वर्षी निम्हान्स या मेंदूविकार संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती अशास्त्रीय ठरवली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरवली.

आलेखाला भाषा लागत नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण भोपाळच्या चार इमली वस्तीत नोकरी हिंदीत आणि घर मराठीत चालवलेल्या निवृत्ताची बुद्धी कोणत्या भाषेत तपासायची, हा प्रश्न आलेखाने सुटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) बुद्धी तपासणाऱ्या चाचणीसंचाच्या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती. कुटुंबीयांनी आलेख जरूर काढावा, जुना असेल तर सोबत न्यावा. पण रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलून लक्ष, नियोजन आणि स्मरण तपासले जाईपर्यंत कोणताही निष्कर्ष मान्य करू नये.