शिजविलेलें पाणी

इटलीच्या तोस्काना प्रांतांत, दक्षिणेस समुद्राला लागून, मारेम्मा नांवाचा सखल मुलूख आहे. तेथील गोरगरिबांच्या एका जुन्या खाण्याचें नांव 'आक्वाकोत्ता' असें आहे. त्याचा सरळ अर्थ 'शिजविलेलें पाणी'. पदार्थांना नांवें देतांना मनुष्य सहसा बढाईकडे झुकतो. पण ज्यांनीं हें नांव ठेविलें त्यांनीं भांड्यांतील मुख्य वस्तु कोणती, हें प्रांजळपणें सांगून टाकिलें. ऑलिव्हच्या तेलांत कांदा मंद विस्तवावर परतावयाचा. त्यांत सेलरीची काडी, मिळाल्यास टोमाटो, बांधावरची एखादी रानभाजी. आणि मग पाणी. शिळ्या, दगडासारख्या झालेल्या पावाची फोड ताटलीच्या तळाशीं ठेवून तीवर हा कढत रस ओतावयाचा. कोंबडीनें कृपा केली असेल तर वर एक अंडें.

हा मुलूख एके काळीं दलदलीचा व हिंवतापाचा होता. उन्हाळा आला कीं ग्रोसेतो शहरांतील सरकारी कचेऱ्यासुद्धां डोंगरावरील स्कान्सानो गांवीं हालवीत. (हिंवतापाचे जंतु डासाच्या पोटांत रॉस यांस प्रथम दिसले ते आपल्या सिकंदराबादेस, १८९७ सालीं.) तोस्कानाचे ड्यूक दुसरे लिओपोल्ड यांनीं १८२८ सालीं दलदल बुजविण्याचें मोठें काम काढिलें, परंतु भूमिहीनांस जमिनी मिळूं लागल्या त्या १९५० च्या कायद्यानंतर. गुराखी, कोळसे पाडणारे, कापणीसाठीं डोंगरांतून उतरणारे मजूर, यांचें हें अन्न. कचेऱ्यांबरोबर त्यांना कोणी हालविलें नाहीं.

आतां हेंच शिजविलेलें पाणी उत्तम उपाहारगृहांतून येतें, आणि खाणारे त्याच्या साधेपणाची वाखाणणी करितात. ही रुचि अगदींच नवी नव्हे. ज्या पाकशास्त्राची पहिली आवृत्ति १८९१ सालीं निघाली त्यांत पेल्लेग्रीनो आर्तुसी यांनीं शेतकरी पद्धतीचें, पाव घातलेलें भाज्यांचें सार दिलें आहे. तें याच पदार्थाचें भावंड होय. आणि तें काळजीपूर्वक केल्यास बड्या लोकांसही आवडेल, असा भरंवसा त्यांनीं दिला आहे. तो खरा ठरला. प्रश्न असा कीं, दुसऱ्याच्या नाइलाजांतून निघालेल्या चवीचें आपण कौतुक करावें, यांत कांहीं अनुचित आहे काय?

कोणी म्हणतील, जिभेला कसली आली नीति! चांगलें तें चांगलें. दुसरे म्हणतील, ही गरिबीची थट्टा होय. आम्हांस हीं दोन्हीं उत्तरें अपुरीं वाटतात. एकादशीला आणि दुष्काळांत पोट सारखेंच रिकामें असतें; पण एकादशी करणाऱ्यास द्वादशीची खात्री असते. जो नको म्हणूं शकतो त्याचाच साधेपणा हा गुण. मारेम्मांतल्या गुराख्याला तो गुण चिकटविणें म्हणजे त्याच्या उपासाचें आपण व्रत करून टाकणें होय.

परंतु एवढ्यावर थांबलों तर आपण त्या माणसांवर दुसरा अन्याय करूं. पाव शिळा होता ही सक्ती. तो नुसता पाण्यांत बुडवून खाल्ला असता तरी पोट भरलेंच असतें. कांदा गुलाबी होईपर्यंत विस्तवापाशीं बसून राहण्याची सक्ती त्या बाईवर कोणी केली होती? दिवसभर राबून आल्यावर बांधावरचा पुदिना खुडावयास ती वांकली, तें तिच्या खुशीनें. तेथें ती स्वतंत्र होती, आणि आपला आदर कोठें जावयाचा असेल तर तो तेथें जावा. दारिद्र्याला नव्हे.

हा विवेक कागदावर करणें सोपें आहे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एके सकाळीं रात्रीच्या उरलेल्या भाकऱ्या कुस्करून, लसणीची फोडणी देऊन पुढें आल्या. आम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलें आणि, प्राध्यापकी संवयीप्रमाणें, या अन्नाच्या थोरवीवर थोडें व्याख्यानही दिलें. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाई मोरीपाशीं होत्या. त्या हंसून म्हणाल्या, "रोज खाल्ली म्हंजे कळंल, भाऊसाहेब." बोलण्यांत राग नव्हता. मग आमच्या मंडळींनीं त्यांच्यासाठीं झांकून ठेविलेली बशी पुढें केली. तींतही तीच भाकरी होती, आणि वर लिंबाची फोड घालावयास मंडळी विसरल्या नव्हत्या. बाईंनीं ती फोड प्रथम पिळून घेतली, बी वेंचून टाकिली, आणि मग खावयास बसल्या.