‘आई धुते’ हे उत्तर नव्हे

बसा. हसणं बंद करा. जलसुरक्षेच्या वह्या तपासून आणल्यात आणि त्या तपासताना माझं डोकं फिरलंय, हे आधीच सांगते.

काम साधं होतं. घरात कपडे कसे धुतले जातात ते आठवडाभर बघा, पाणी मोजा, विजेचा हिशेब मांडा. निम्म्या वर्गाने ‘पाणी म्हणजे जीवन’ इथून सुरुवात केली, आणि सगळ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच! मुलग्यांनो, तुमच्या पानांवर तर एकच ओळ: ‘कपडे आई धुते, त्यामुळे माहिती उपलब्ध नाही.’ उपलब्ध नाही? घर आहे की मंत्रालय? पंधरा वर्षं धुतलेले कपडे घालताय आणि घरचं मशीन वरून उघडतं की पुढून, एवढंही बघितलं नाहीत.

खिडकीजवळच्या बाकावर जो कुजबुजतोय, त्याने उभं राहावं. तू लिहिलंयस, ‘जंतू मरावेत म्हणून आम्ही रोज 60 अंशांवर धुतो.’ ‘उष्णता’ हा धडा शिकवून झालाय ना? विशिष्ट उष्माधारकता पाठ म्हणून दाखवलीस, पैकीच्या पैकी गुण घेतलेस. मग घे खडू. पुढून उघडणारं मशीन एका धुण्याला धर साधारण 15 लिटर पाणी तापवतं. आपल्या नळाचं पाणी 28 अंशांचं. ते 60 वर न्यायचं म्हणजे 32 अंश. पंधरा गुणिले बत्तीस, 480 किलोकॅलरी. त्याला 4.18 ने गुण, 3600 ने भाग. किती आलं? अर्ध्या युनिटहून जास्त. एवढी वीज नुसती पाणी तापवायला. ड्रम फिरवायला आणि कपडे पिळायला साधारण याच्या निम्मीसुद्धा लागत नाही. म्हणजे बिल वाढतं ते तू न बघता दाबलेल्या त्या एका बटणाने.

युरोपात लोकांना 30 अंशांवर धुवा म्हणून सांगावं लागतं, कारण तिथे नळाला गार पाणी येतं. भाईंदरला जवळजवळ तेवढे अंश तुम्हाला फुकट मिळतात. ‘कोल्ड’ लिहिलेलं बटण म्हणजेच त्यांचं कोमट! घरात कुणी आजारी असेल, तान्ह्या बाळाची दुपटी असतील, तर लावा गरम, माझी हरकत नाही. पण दोन तास घातलेल्या टी-शर्टला कसले जंतू चिकटलेत? तो खुंटीला लाव आणि उद्या घाल.

आता ही वीज येते कुठून? ‘बटणातून’ असं उत्तर मागे एका हुशाराने दिलं होतं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी येणाऱ्या विजेत डहाणूच्या केंद्राचा वाटा आहे. 500 मेगावॉटचं केंद्र, कोळशावर चालणारं, चिकूच्या बागांच्या मुलखात. आणि पाणी? आजवर उल्हास नदीचं, स्टेम ही पाणीपुरवठा संस्था आणि एमआयडीसी यांच्या मार्फत. ते पुरेना म्हणून सूर्या योजना आखली. सूर्या नदीवरचं धामणी धरणही डहाणूच्याच पालघर जिल्ह्यात. त्यातलं रोजचं 218 दशलक्ष लिटर आपल्या शहराच्या नावावर मांडलंय. धरण बांधताना शेतीचं सिंचन हा हेतू होता, म्हणून पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या आदिवासींनी विरोध केला. त्यांच्या शेताकडे न जाता जे पाणी डोंगर पोखरून तुमच्याकडे आणायचं, त्यात तुम्ही दोन बनियन आणि एक रुमाल टाकून ‘क्विक वॉश’ लावणार. लाज वाटायला हवी. ड्रम भरेपर्यंत थांबा.

पावडरीचं तर विचारूच नका. मापाचा चमचा डब्यातच पडून आणि पावडर मुठीने! फेस म्हणजे स्वच्छता, हे कुणी शिकवलं? मी तर नाही. जास्त फेस झाला की तो काढायला पुन्हा पाणी. बोअरिंगचं पाणी जड असतं, त्यात साबणाचा साका होऊन तो कपड्यातच बसतो, आणि तुम्ही आणखी पावडर ओतता. एका मुलीची वही मात्र बाजूला ठेवलीय. तिची आजी सेमी-ऑटोमॅटिकच्या एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढते आणि खळबळलेलं पाणी बादलीत धरून संडासाला वापरते. आजी किती शिकलीय ते मला ठाऊक नाही, पण या विषयात ती तुम्हा सगळ्यांच्या पुढे आहे.

काही सोसायट्यांत म्हणे बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी. शोभा जाते! मग दोन हजार वॉटचा ड्रायर आणा. तो दीड तास चालला तर तीन युनिट. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, हे मलाही कळतं, मीही इथेच राहते. जोरात पिळून घ्या, विरळ टाका, रात्री पंखा लावा. 75 वॉटचा पंखा आठ तास फिरला तरी 0.6 युनिट. वजाबाकी तुम्ही करा, तेवढी येत असेल.

एक गोष्ट मात्र एकाही वहीत नाही. मशीन बाल्कनीत असेल तर त्याचा पाइप कुठे सोडलाय? पावसाच्या पाण्याच्या नळीत सोडला असेल, तर तो फेस मलनिस्सारण केंद्रात जातच नाही. गटारातून नाल्यात आणि नाल्यातून थेट खाडीत, तिवरांच्या मुळाशी. पॉलिस्टरच्या कपड्यांचे बारीक तंतूही त्याच्यासोबत. जेसल पार्कला फिरायला जाता ना, तीच खाडी.

तर आज घरी गेल्यावर प्रत्येकाने तो पाइप शोधायचा, तो कुठल्या नळीला जोडलाय त्याची आकृती काढायची आणि या रविवारचं धुणं स्वतः लावायचं. मुलग्यांनीसुद्धा. मुलग्यांनी आधी. आईने करून दिलेलं मला एका नजरेत कळतं. आणि तू, अजून उभा का? खडू ठेव, फळा पुसू नकोस, पुढच्या तासाला येणाऱ्या वर्गालाही ते गणित बघू दे.