सतरा आणि तेवीस सप्टेंबर

(हदगावातली ओसरी. मामा निवृत्त इतिहास शिक्षक. उत्तर सापडलं नाही की खोकतात. भाची शेतीच्या अभ्यासदौऱ्यावरून इस्रायलहून परतलेली.)

भाची : मामा, हैफाला भारतीय सैनिकांचं कब्रस्तान आहे. 23 सप्टेंबर 1918 ला तुर्कांकडून ते शहर घेणाऱ्या घोडदळाच्या ब्रिगेडमध्ये जोधपूर, म्हैसूर आणि आपलं हैदराबाद होतं म्हणे. मी हात जोडले. मग वाटलं, ‘आपलं’ कसं?

मामा : आपण तेव्हा निजामाचीच रयत, गं. त्याच निजामाचं राज्य 1948 ला संपलं, म्हणून आपण 17 सप्टेंबरला झेंडा लावतो.

भाची : मग माझं चुकलं?

मामा : तू शिपायाला हात जोडलेस, राजाला नाही. पोटासाठी भरती झालेला माणूस तो. त्याच 1918 साली इंग्रजांनी निजाम उस्मान अली खानाला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ केलं. घोड्यावर एक, किताब दुसऱ्याला!

भाची : 1948 मध्ये निजामाच्या फौजेतला शिपाईही पोटासाठीच होता की. त्यालाही हात जोडाल?

मामा : (खोकतात) नाही. आमच्या वडिलांच्या पिढीनं निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत सोसली. त्यांच्या बाजूनं बंदूक धरणाऱ्यापुढं मी वाकणार नाही.

भाची : तुर्कांनी हदगावचं काय बिघडवलं होतं? आपल्यावर रोखली की जुलूम आणि परक्यावर रोखली की शौर्य?

मामा : (बराच वेळ गप्प) हे मला सुटत नाही, बाई. कब्रस्तानात मेलेल्याचं वाईट वाटू द्यावं, तिथं बाजू विचारू नये. पण व्यासपीठावर उभं राहून गौरव करायचा, तर हुकूम कुणाचा होता आणि फायदा कुणाचा झाला, हेही बोलावं लागेल. जोधपूर-म्हैसूरच्या स्वारांनी मोठी चढाई केली, हे खरं. त्यानं इंग्रजांचं साम्राज्य वाढलं, हेही खरं.

भाची : दिल्लीतल्या तीन मूर्ती त्यांच्याच ना?

मामा : हो, त्यातली एक हैदराबादची. 1922 पासून उभी आहे. 2018 ला त्या मूर्तींच्या चौकाच्या नावात हैफा आलं, तेव्हा कुठं लोकांना आठवण झाली.

भाची : शाळेत बोलवलंय मला, दौऱ्याबद्दल सांगायला. काय सांगू?

मामा : ठिबक सिंचन सांग. मग हैफा सांग, आणि किताबाची गोष्ट गाळू नकोस.