दुर्बळाचा अपराध

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपुराचे हमरस्ते सरळ व प्रशस्त आहेत. तथापि ते आखताना मोटारींची कल्पना कोणास असणार? सांगानेरी दरवाजातून सायकलीवर जोहरी बाजारात शिरलो, की मोटारी, ई-रिक्षा आणि मधूनच उभी राहणारी गाय यांत मी स्वतःस सर्वांत निरुपद्रवी प्राणी समजत असे. कचेरीची वेळ गाठण्यासाठी दुभाजकाचा वळसा टाळून उलट्या बाजूने जाणे, हा तर मला दुर्बळाचा हक्कच वाटे.

गेल्या हिवाळ्यात एका वृद्ध बाईंना माझ्या हॅण्डलाचा धक्का लागला. पिशवीतील मटार रस्त्यावर सांडले. बघ्यांनी मला दोष दिला नाही, सायकलवाला बिचारा! बाई मात्र हिंदीत एवढेच म्हणाल्या, की वाहने जिकडून येतात तिकडेच मी पाहात होते.

मोटारीपुढे मी दुर्बळ खरा. पण त्या बाईंपुढे मीच मोटार नव्हतो काय? त्यांनी नियमावर विश्वास ठेवला होता, आणि तो मोडणारा मी होतो. माझ्या दुबळेपणाने त्यांचे दुखणे कमी होणार नव्हते.

मी मटार वेचून दिले. आता वळसा घेतो. उशीर होतो, आणि हजेरीच्या यंत्रास सबब सांगता येत नाही.