काळ्या काठाचा रुमाल

लंडनच्या केनिंग्टन भागात मेथ्ली स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे लोणच्यांचा एक कारखाना होता आणि जवळच खाटीकखाना. कत्तलीची मेंढरं त्या रस्त्यावरूनच हाकत नेत. एकदा त्यांतलं एक निसटलं आणि सैरावैरा पळू लागलं. त्याला धरायला माणसं धावली, एकमेकांवर आदळली, धडपडली. बघ्यांची हसून पुरेवाट झाली. त्या बघ्यांत चार्ली नावाचा एक मुलगा होता, तोही खुदखुदत होता. मग मेंढरू सापडलं. माणसं त्याला उचलून खाटीकखान्याकडे परत नेऊ लागली, तेव्हा कुठे त्या मुलाच्या ध्यानात आलं की ते पळत का होतं. तो रडत घरात धावला आणि ते लोक आता त्याला मारणार, असं आईला सांगू लागला.

चार्ली चॅप्लिनने 1964 साली आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला. आपल्या चित्रपटांत विनोद आणि दुःख एकत्र नांदतात, त्याचं मूळ त्या दिवसात तर नसेल, असा प्रश्नही त्याने स्वतःला विचारला. मला या आठवणीत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की आधी आपणही हसलो होतो, हे त्याने लपवलं नाही.

गोष्टीचा पुढचा भाग 1917 सालचा, कॅलिफोर्नियातला. तो मुलगा आता अठ्ठाविशीत आला होता. म्युच्युअल कंपनीने वर्षभराच्या 12 लघुपटांसाठी त्याला 6,70,000 डॉलर देऊ केले होते. त्याच्याइतका पगार तेव्हा जगात फार थोड्यांना असेल. वयाच्या सातव्या वर्षी आईबरोबर लॅम्बेथच्या अनाथ-निराधारांच्या वर्कहाऊसमध्ये भरती झालेला हा माणूस. त्याने अकराव्या लघुपटासाठी एक स्वस्तातलं हॉटेल उभारलं आणि चित्रीकरण सुरू केलं. हातात लिहिलेली कथा नव्हती. कॅमेऱ्यासमोर करून बघायचं, नाही जमलं तर पुन्हा करायचं, अशी त्याची रीत.

हॉटेलात एक भुकेला भटक्या येतो. रस्त्यात सापडलेलं नाणं त्याच्या खिशात आहे, पण खिशाला भोक आहे. तो बीन्स मागवतो आणि एकेक दाणा चवीने खातो. शेजारच्या टेबलाशी एक मुलगी बसली आहे, तिला तो आपल्या टेबलावर बोलावतो. तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं बिल दहा सेंटांनी कमी पडतं आणि सगळे वेटर मिळून त्याला तुडवून काढतात. आता भटक्या खिसा चाचपतो, तर नाणं गायब!

वेटरच्या कामाला आधी हेन्री बर्गमन होता. अंगाने तोही भरलेला, पण त्याची भीती वाटेना. चॅप्लिनने त्याला बदललं आणि एरिक कॅम्पबेलला उभं केलं. सहा फुटांहून उंच, राक्षसासारख्या भिवया. आता तो वेटर टेबलाजवळून नुसता गेला तरी भटक्या आक्रसतो, आणि प्रेक्षक हसतात. मार खरोखर बसेल, हे पटल्याशिवाय त्या हसण्याला जोर येत नव्हता. बीन्सचे प्रसंग इतक्या वेळा घेतले गेले, की ती मुलगी झालेली एडना पर्व्हिअन्स खाऊन खाऊन आजारी पडली, असं सांगतात.

तरी काहीतरी अडत होतं. ही मुलगी कोण? एकटी का बसली आहे? या दोघांकडे दमडी का नाही, आणि एकमेकांना पाहून त्यांना इतका आनंद का होतो? चॅप्लिन उत्तर शोधत मागे मागे गेला आणि एका जहाजावर पोचला. युरोपातून अमेरिकेला निघालेल्या गरिबांनी खचाखच भरलेलं जहाज. तो स्वतः 1910 साली फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीबरोबर समुद्र ओलांडून आला होता. चित्रपटाची सुरुवात त्याने हॉटेलानंतर चित्रित केली. केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी 1983 च्या आपल्या माहितीपटात उरलेल्या फिती पाट्यांवरच्या क्रमांकांनुसार लावल्या, तेव्हा हा उलटा प्रवास जगाला दिसला.

जहाजावरही दंगा आहेच. भोजनगृहाचा अख्खा सेट डोलता केलेला, त्यामुळे सूपची एकच थाळी दोघा भुकेल्यांत इकडून तिकडे घसरते. कठड्यावर ओणवा झालेला भटक्या उलट्या करतोय असं वाटतं, आणि तो वळतो तर हातात मासा! पण त्याच जहाजावर एडनाची म्हातारी आई आहे. एक चोर तिची पुंजी लांबवतो आणि जुगारात भटक्याशी हरतो. भटक्या जिंकलेल्या नोटा गुपचूप एडनाच्या खिशात सरकवतो. मग आपलाही विचार करून थोड्या परत काढतो, आणि नेमका तेव्हाच चोर म्हणून पकडला जातो. पुढे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो, सगळे भारावून बघतात आणि पुढच्याच क्षणी अधिकारी या माणसांना दोरखंड आडवा लावून गुरांसारखं कोंबतात. भटक्या पुन्हा एकदा पुतळ्याकडे बघतो, मग संधी साधून अधिकाऱ्याला मागून लाथ घालतो. हसताना मनात खरा संताप उठतो.

कथेला ही आई सापडली, आता हॉटेलातली भेट वेगळी झाली. भटक्या एडनाच्या टेबलाशी येतो, बोलतो, हसतो. तिच्या हातातल्या रुमालाला काळा काठ आहे. तो त्याच्या नजरेला पडतो आणि त्याला कळतं, की म्हातारी गेली. कुणी काही सांगत नाही, पाटी येत नाही. विनोदी चित्रपटात नायिकेला आई कशाला हवी, असं म्हणून हा प्रसंग गाळता आला असता. चॅप्लिनने तो ठेवला, आणि लगेच मागे तो वेटर उभा केला. शोक करायलाही या दोघांना उसंत नाही, कारण बिल द्यायचं आहे.

शेवटी एक चित्रकार टेबलाशी येतो, हा बर्गमनच. दोघांचे चेहरे त्याला आवडतात, त्यांना मॉडेलचं काम देतो. तुमचं बिल मी देतो म्हणतो. भटक्या रीतीप्रमाणे नको नको म्हणतो. चित्रकार आग्रह करतो, भटक्या पुन्हा नको म्हणतो, आणि मग चित्रकार खरंच थांबतो. त्या क्षणी भटक्याचा चेहरा बघावा! लाज राखायची तर मार खावा लागणार. पण चित्रकाराने वेटरसाठी ठेवलेली टिप त्याला दिसते. त्यातून तो आपलं बिल चुकतं करतो आणि उरलेली चिल्लर वेटरला ऐटीत टिप म्हणून देतो. बाहेर धो धो पाऊस. भटक्या नव्या मालकाकडून पगाराची उचल घेतो आणि लाजून अडणाऱ्या एडनाला दोन्ही हातांनी उचलून थेट लग्नाचा परवाना देणाऱ्या कचेरीत शिरतो.