बटाटापानी टोमॅटो आणि जातीचा प्रश्न

टोमॅटोच्या पानांचे दोन ढोबळ प्रकार आहेत. बहुतेक वाणांचे पान दातेरी, खाचाखाचांच्या कडांचे असते. काहींचे रुंद, सलग कडांचे, थेट बटाट्याच्या पानासारखे. एकाच फळाचे बी गादीवाफ्यावर टाकले आणि दोन्ही तऱ्हेची रोपे वर आली, तर ते वाण अस्थिर समजावे. अशा वाणाचे बी धरायचे म्हणजे दर पिढीला ठरवावे लागते की यातले ‘ते’ कोणते. निराळ्या व्यक्तींना एक जात म्हणायचे ते कशाच्या बळावर, हा भारतीय दर्शनांतला जुना वादही हाच आहे.

रायपुरात या प्रश्नाला ठोस पत्ता आहे. तेलीबांधा तलावाकडून पूर्वेला लाभांडीच्या बाजूने गेले की इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय लागते. १९८७ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे भाताच्या वीस हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे आणि त्याचा पाया भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गावोगावचे बी गोळा करून घातला. भात आणि टोमॅटो दोन्ही मुख्यतः स्वपरागीभवनाची पिके. म्हणून शेतकऱ्याच्या घरात त्यांचे वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. छत्तीसगढी बोलीत टोमॅटो म्हणजे ‘पताल’, नागपुरी बोलीत ‘भेदरं’. नावे दोन, भाजी एक. अस्थिर वाणात मात्र नाव एक राहते आणि झाडे दोन होतात.

ती कशी होतात ते नीट पाहण्यासारखे आहे. बटाटापान हा अप्रभावी गुण असून त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. शुद्ध दातेरी आणि बटाटापानी झाडांचा संकर झाला की पहिल्या पिढीत सगळी रोपे दातेरी निघतात. त्यांच्या बियांतून पुढच्या पिढीत साधारण चारांत एक बटाटापानी. हे बटाटापानी रोप पानापुरते तरी लगेच स्थिर झालेले असते. फसवते ते दातेरी रोप. त्या पिढीतल्या दर तीन दातेरी रोपांपैकी दोन पोटात दुसरे पान बाळगून असतात. ओळखण्याचा उपाय सोपा आहे: त्या एका झाडाचे बी वेगळे धरून १६ रोपे वाढवावीत. झाड मिश्र असेल, तर १६ मध्ये एकही बटाटापानी न दिसण्याची शक्यता सुमारे एक टक्काच उरते. फळाची वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन खरी पाने फुटली की कडा बोलू लागतात.

दातेरी झाडात लपलेले बटाटापान पाहून सांख्यांचा सत्कार्यवाद आठवणे स्वाभाविक आहे. कार्य उत्पत्तीपूर्वी कारणात असतेच, फक्त प्रकट नसते, असे ते मानतात. पानापुरते हे पटते. पण त्याच संकरात फळाचा रंगही बदलत असेल तर? गुलाबी फळ हाही अप्रभावी गुण, पण त्याचे जनुक दुसऱ्याच गुणसूत्रावर. बटाटापानी-लाल आणि दातेरी-गुलाबी झाडांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत १६ पैकी सुमारे एक झाड बटाटापानीही असते आणि गुलाबीही. हा मेळ दोन्ही मूळ झाडांपैकी कोणातच नव्हता. इथे कार्य नव्याने घडते म्हणणारे नैयायिक बरोबर ठरतात.

त्याच नैयायिकांकडे याहून नेमके हत्यार आहे. उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त जातीला बाधा आणणारी सहा कारणे दिली, त्यांतले एक ‘संकर’. दोन धर्म कुठे एकत्र आढळतात, कुठे एकमेकांवाचून, आणि कोणीच दुसऱ्याला पूर्ण व्यापत नाही, तेव्हा त्यांना खरी जाती म्हणता येत नाही, ती उपाधी, म्हणजे वरून लावलेली ओळख. बटाटापान आणि गुलाबी रंग यांचे नाते तंतोतंत असेच आहे. अमेरिकेतले ‘ब्रँडीवाइन’ हे जुने वाण बटाटापानी व गुलाबी म्हणून प्रसिद्ध आहे, तरी त्याच नावाने दातेरी पानांचे बीही फिरते आणि खरे कोणते यावर बागायतदार वाद घालतात. उदयनांच्या कसोटीने ‘ब्रँडीवाइनपण’ ही जातीच नव्हे, लोकांनी ठरवलेली उपाधी आहे. शेतकऱ्याच्या वाणाला हेच वर्णन सर्वांत प्रामाणिकपणे लागू पडते. माणसांच्या बाबतीत ‘जात’, ‘शुद्ध’, ‘संकर’ हे शब्द ज्यांनी वापरले त्यांनी उपाधीलाच निसर्ग मानले, आणि त्याची किंमत फार मोठी पडली.

बौद्ध मत आणखी पुढे जाते. वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोशा’च्या भाष्यात महाळुंगाचे उदाहरण दिले आहे: फुलाला लाखेचा रंग दिला की फळाच्या आतला भाग लाल होतो, पण त्या फळाच्या बियांतून पुढे लाली येत नाही. फूल रंगवून फळ लाल होणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरे नाही. तरी कोणता बदल एका पिढीत संपतो आणि कोणता संततीबरोबर वाहतो, हा भेद त्यांनी अचूक पकडला. दुकानातल्या संकरित टोमॅटोची एकसारखी झाडे पहिल्या वर्गातली: त्यांचा एकसारखेपणा बियांतून पुढे जात नाही. दिङ्नागांचा अपोहवाद तर बी धरण्याच्या कामाचेच वर्णन वाटतो. ‘गाय’ शब्दाचा अर्थ गाय नसलेल्या सगळ्याला वगळणे, असे तो सांगतो. वाफ्यावर बसून भेसळ काढणारा नेमके हेच करतो. हवे ते घडवत नाही, नको ते उपटतो. सतत स्वपरागीभवन होत राहिले, तर मिश्र जनुकांचे प्रमाण दर पिढीला निम्मे होते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के असलेले हे प्रमाण सहाव्या पिढीपर्यंत तीन टक्क्यांच्या आसपास येते. तिथपर्यंत वाण उपटणाऱ्या हातांतच राहते.

हात चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. उन्हाळा चढू लागला की उष्णतेने स्त्रीकेसर पुंकेसरांच्या नळीबाहेर येते आणि मधमाशी शेजारच्या वाणाचे पराग आणून टाकते. म्हणून बियासाठी फळे थंडीत धरलेलीच ठेवावीत. बटाटापानी आईच्या बियांतून दातेरी रोप निघाले, तर बाहेरचा पराग आला किंवा बी मिसळले असे समजून ते काढावे. उलट दातेरी झाडावर दातेरी शेजाऱ्याचा पराग आला, तर पानावरून काहीच कळत नाही. पिकलेला गर दोन-तीन दिवस आंबवून बियांवरचे चिकट आवरण सोडवावे, धुऊन बी सावलीत ताटलीवर वाळवावे.

कायद्यानेही या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात नोंदणीसाठी वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर असावे लागते. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला बी जपण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा हक्क आहे. ब्रँडच्या नावाने बियाणे विकणे तेवढे वगळलेले आहे. दोन तऱ्हेच्या पानांची झाडे देणारे बी नोंदणीच्या कसोटीला उतरत नाही, पण घरी जपायला त्याला कोणाची हरकत नाही. त्याच्या पुडीवर नाव, वर्ष, आईचे पान आणि १६ पैकी किती रोपे तशीच निघाली, एवढे लिहून ठेवावे.